फोर्कलिफ्ट कोणाच्या कक्षेत येते? कामगारमंत्री आणि गोदाममालकांना खुले पत्र

प्रति,
माननीय कामगारमंत्री, महाराष्ट्र राज्य,
तसेच राज्यातील गोदामे, कारखाने व औद्योगिक गाळे चालवणारे सर्व मालक व व्यवस्थापक यांस,

विषय : फोर्कलिफ्ट व मालवाहू लिफ्ट यांच्या वापरातील बेफिकिरी आणि त्यासाठी हवे असलेले नियम

महोदय,

फोर्कलिफ्टची, म्हणजे पुढच्या दोन लोखंडी काट्यांवर (फोर्कवर) माल उचलणाऱ्या गाडीची, दुरुस्ती आणि देखभाल हा माझा व्यवसाय आहे. भिवंडीपासून तळोजा, उरण, चाकणपर्यंत जिथे जिथे माल उचलून रॅकवर चढवला जातो किंवा कंटेनरमध्ये भरला जातो, त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी माझी हत्यारांची पेटी जाऊन आली आहे. काम संपले की मी सर्व्हिस रिपोर्ट लिहितो, खाली सही करतो, त्यावर गोदामाचा शिक्का बसतो आणि तो कागद फायलीला लागतो. हे पत्र लिहिण्याचे कारण त्या सहीशी जोडलेले आहे.

काही महिन्यांपूर्वी भिवंडीजवळच्या एका गोदामात रॅकच्या वरच्या कप्प्यात अडकलेली खोकी सोडवण्यासाठी एका हेल्परला रिकाम्या पॅलेटवर (माल ठेवायच्या चौकटीवर) उभे करून फोर्कलिफ्टने वर चढवण्यात आले. पॅलेटला कठडा नव्हता, ते फोर्कला बांधलेले नव्हते आणि मुलाच्या अंगावर सुरक्षा पट्टा नव्हता. खोके ओढता ओढता तो पॅलेटच्या कडेला आला, पॅलेट कलंडले आणि तो सुमारे पंधरा फुटांवरून खालच्या काँक्रीटवर पडला. जीव वाचला, पण कमरेखालचे अंग गेले. यंत्र चालवणारा मुलगाही हेल्पर म्हणूनच कामाला लागलेला होता, आणि निष्काळजीपणाचा गुन्हा त्याच्यावर नोंदवला गेला. चौकशीत व्यवस्थापनाने माझा सर्व्हिस रिपोर्ट पुढे केला की यंत्राची देखभाल वेळेवर झालेली आहे, ही पाहा तंत्रज्ञाची सही. त्याच रिपोर्टच्या ‘शेरा’ या रकान्यात मी लिहिले होते की सीटचा स्विच जम्पर मारून (तारेचा तुकडा जोडून) निकामी केलेला आहे, हॉर्न वाजत नाही आणि हे यंत्र माणसे वर चढवण्यासाठी वापरले जात असल्याचे दिसते. तो रकाना कोणी वाचला असावा असे वाटत नाही. पुढे जखमी मुलाच्या भावाबरोबर मी एका सरकारी कार्यालयात तक्रार घेऊन गेलो, तेव्हा मिळालेले तोंडी उत्तर एका ओळीचे होते : हे गोदाम आहे, कारखाना नाही, त्यामुळे आमच्या कक्षेत येत नाही.

हे उत्तर मुकाट्याने ऐकून घेणे मला शक्य नाही, म्हणून हे पत्र खुले आहे.

ते उत्तर कायद्याच्या दृष्टीने अगदीच निराधार होते असे मी म्हणणार नाही, आणि खरी अडचण तीच आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(२८) मध्ये मोटार वाहनाची जी व्याख्या आहे, तिच्यातून केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरायची खास बनावटीची वाहने वगळलेली आहेत. म्हणून आवारात फिरणाऱ्या फोर्कलिफ्टला नंबरप्लेट लागत नाही आणि ती चालवणाऱ्याला आरटीओचा परवाना लागत नाही. वाहन नाही तर यंत्र म्हणावे, तर कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ मधल्या उचल यंत्रांच्या व्याख्येत क्रेन, विंच, पुली ब्लॉक अशी नावे येत होती, फोर्कलिफ्टचे नाव येत नव्हते. जागरूक कारखाने तिला त्याच कलमाखाली धरून वर्षातून एकदा सक्षम व्यक्तीकडून, म्हणजे शासनमान्य तपासनिसाकडून, तपासून घेत आले आहेत, हे मी पाहिले आहे आणि त्यांचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. पण तो कायदा कारखान्याच्या फाटकापर्यंतचाच होता. नुसती साठवणूक करणारे गोदाम दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदवलेले असते, आणि तिथे कामाचे तास, सुट्ट्या, हजेरीपट यांची विचारपूस होते, मास्टच्या, म्हणजे फोर्क वर-खाली नेणाऱ्या उभ्या खांबांच्या, साखळीची होत नाही. परिणामी भाड्याने फिरणारे एकच तीन टनी यंत्र सकाळी कारखान्यात तपासणीखाली असते आणि दुपारी समोरच्या गोदामात गेले की त्याला कोणी विचारणारे उरत नाही. मधला सार्वजनिक रस्ता ते बिननंबराचेच ओलांडते, तो विषय वेगळा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून कारखाने अधिनियमाच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहिता, २०२० अमलात आली आणि ही फट बुजवण्याची संधी राज्याला मिळाली. उद्योग, व्यापार किंवा व्यवसाय जिथे चालतो आणि दहा किंवा अधिक कामगार जिथे कामाला आहेत, ती जागा या संहितेने आस्थापना मानली आहे, म्हणजे गोदामही आता आत आले. परंतु संहिता ही चौकट असते. कोणते यंत्र किती महिन्यांनी आणि कोणी तपासायचे, ते चालवणाऱ्याला काय आले पाहिजे, दुर्लक्ष झाले तर उत्तर कोणी द्यायचे, हा तपशील नियमांत आणि मानकांत लिहावा लागतो. तिथे फोर्कलिफ्टचे नाव स्वच्छ शब्दांत आले नाही, तर मला मिळालेले उत्तर पुढच्या तक्रारदाराला नव्या संहितेच्या भाषेत मिळेल, इतकाच फरक पडेल.

माझी पहिली तक्रार, आणि बाकीच्या बहुतेक तिच्याच पोटातून निघतात, अशी आहे की फोर्कलिफ्ट कोणीही चालवतो. चावी गाडीलाच लटकत असते. जेवणाच्या सुट्टीत हेल्पर मागे-पुढे करून पाहतो, आठवडाभरात पॅलेट उचलू लागतो, आणि नेहमीचा ऑपरेटर गावी गेला की मुकादम त्यालाच सीटवर बसवतो. पगार हेल्परचाच राहतो. फारच काटेकोर व्यवस्थापक असेल, तर तो मोटारगाडीचे लायसन्स आहे का, एवढे विचारतो. पण मोटार चालवता येणे आणि फोर्कलिफ्ट चालवता येणे यांत फार अंतर आहे. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांवर वळते, त्यामुळे वळताना तिचा मागचा भाग बाहेर झेपावतो आणि शेजारून चालणाऱ्याला रॅकशी दाबतो. तीन टन उचलणाऱ्या यंत्राचे स्वतःचे वजन चार टनांहून अधिक असते, म्हणजे भरलेले यंत्र सात टनांचे झाले, आणि तेवढे वजन ताशी दहा किलोमीटरने येत असेल, तर ऑपरेटरने ब्रेकवर पाय ठेवण्याआधीच्या एका सेकंदात ते जवळजवळ तीन मीटर पुढे गेलेले असते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट तोलाची आहे. चार चाके दिसत असली, तरी नेहमीच्या फोर्कलिफ्टचा तोल तीन बिंदूंवर असतो : पुढची दोन चाके आणि मागच्या ॲक्सलचा मधला खुंटा, ज्याच्यावर तो ॲक्सल झुलतो. माल आणि यंत्र यांचा एकत्रित गुरुत्वमध्य या त्रिकोणाच्या आत आहे तोवर यंत्र उभे राहते. माल जितका वर, तितका थोड्या झुकण्यानेही तो मध्य त्रिकोणाबाहेर जातो. म्हणून माल जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवून, मास्ट मागे कलवून चालायचे असते. म्हणून उतारावर मालासह वळायचे नसते आणि भरलेले यंत्र उतरवताना रिव्हर्समध्ये, माल चढाकडे ठेवूनच आणायचे असते. हे ज्याला कोणी सांगितले नाही, तो माल वर असतानाच घाईत वळतो आणि यंत्र आडवे होते.

यंत्र आडवे होऊ लागले तर काय कराल, असा प्रश्न मी सर्व्हिसला गेलो की ऑपरेटरांना विचारत असतो. ‘उडी मारायची’ हेच उत्तर बहुतेक वेळा मिळते. माणसाची उपजत बुद्धी तसेच सांगते, आणि नेमकी तीच त्याचा जीव घेते, कारण उडी मारणारा ज्या बाजूला पडतो त्याच बाजूला डोक्यावरच्या संरक्षक जाळीचा लोखंडी खांब येऊन आदळतो. योग्य उत्तर असे की पट्टा बांधलेला असावा, स्टिअरिंग घट्ट धरावे, पाय रोवावेत आणि पडण्याच्या विरुद्ध बाजूला अंग झुकवून आतच राहावे. हे शिकवायला आणि दोनदा करून घ्यायला दहा मिनिटे पुरतात. ज्या मालकांना दहा मिनिटे सापडली नाहीत, त्यांना नंतर पंचनाम्यासाठी दोन दिवस सापडतात.

अमेरिकेत अशा यंत्राच्या चालकाला वर्गातले आणि प्रत्यक्ष असे दोन्ही प्रशिक्षण देणे, तो ज्या जागी काम करणार त्याच जागी त्याची परीक्षा घेणे आणि किमान दर तीन वर्षांनी त्याचे काम पुन्हा तपासणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे, आणि १८ वर्षांखालच्या मुलाला ते चालवताच येत नाही. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोची औद्योगिक ट्रकांसाठीची सुरक्षा संहिता, आयएस ६३०५, कित्येक वर्षांपासून छापील स्वरूपात आहे. म्हणजे काय करावे हे आपल्याला ठाऊक आहे. ते करायलाच लावणारा कोणी नाही.

दुसरी तक्रार यंत्राच्या अवस्थेची आहे, आणि इथे मी ऐकीव काही सांगत नाही. ऑपरेटर उठला की यंत्र चालू नये म्हणून सीटखाली स्विच असतो, तो तारेचा तुकडा लावून कायमचा जोडून टाकलेला असतो. पट्ट्याचा बझर वाजू नये म्हणून पट्टा सीटच्या पाठीमागून फिरवून बकलात अडकवून ठेवलेला असतो आणि ऑपरेटर त्याच्यावर टेकून बसतो. रिव्हर्सचा आवाज ‘डोके उठवतो’ म्हणून त्याची वायर कापलेली असते. फोर्क जिथे वाकून आडवा होतो, ती टाच जमिनीवर घासून घासून झिजते. मूळ जाडी दहा टक्के कमी झाली की फोर्क बाद करायचा, हा या धंद्यातला सर्वमान्य नियम आहे, आणि साखळी तीन टक्के ताणली गेली की ती बदलायची. मी जाडी मोजणारा कॅलिपर लावून दाखवतो, आकडा लिहून देतो, त्यावर उत्तर येते की हा सीझन निघू दे, मग बघू. तडा गेलेला फोर्क शेजारच्या वेल्डिंगवाल्याकडून डाग देऊन घेतलेलाही मी पाहिला आहे. उष्णताप्रक्रिया केलेल्या पोलादावर असा डाग मारला की तो तिथूनच मोडतो, आणि तो मोडतो तेव्हा खाली कोण उभे असेल हे कोणाच्या हातात नसते.

यंत्राला झेपत नसलेला माल उचलायचा झाला, तर तोल साधण्यासाठी यंत्राच्या मागे असलेल्या वजनावर दोन-तीन माणसे बसवण्याची पद्धत किती ठिकाणी आहे हे या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. प्रत्येक यंत्रावर क्षमतेची पाटी असते. तीन टनांचे यंत्र तीन टन उचलते ते मालाचा मध्य फोर्कच्या उभ्या बाजूपासून ५०० मिलिमीटरवर असेल तरच. लांब पेटीमुळे तो ७५० मिलिमीटरवर गेला, की तेच यंत्र बनावटीप्रमाणे २,४०० किलोच्या आसपासच सुरक्षित उचलू शकते, आणि उंची वाढली की आणखी कमी. ही पाटी वाचायला कोणी शिकवत नाही. बऱ्याच यंत्रांवर ती रंगाखाली गेलेली असते, कारण भाड्याने देणारा जुने यंत्र नवे दिसावे म्हणून सगळ्यावरून पिवळा रंग फिरवतो.

जागेविषयी थोडक्यात लिहितो. माणसांची वाट आणि यंत्रांची वाट वेगळी नसते, आणि असलीच तर ऑडिटच्या आदल्या दिवशी रंगवलेली असते. माल चढवण्या-उतरवण्याच्या डॉकवर ट्रेलरच्या चाकांना ठोकळे लावलेले नसल्यामुळे फोर्कलिफ्ट आत असतानाच ट्रेलर पुढे सरकतो. डिझेलची यंत्रे बंद गोदामात धूर ओकत फिरतात, आणि बॅटरी चार्ज होताना निघणारा हायड्रोजन जिथे साचतो तिथेच बिडी ओढली जाते. दर वर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिनाची शपथ घेतली जाते, बिल्ले वाटले जातात, घोषवाक्यांची स्पर्धा होते. या स्पर्धेतले पहिले बक्षीस मिळवलेले वाक्य मी एका ठिकाणी ज्या भिंतीवर वाचले, तिला टेकूनच वायर कापलेले यंत्र उभे होते.

मालवाहू लिफ्टची गोष्ट मी मुद्दाम वेगळी काढली आहे, कारण इथे नियम जुना आणि पुरेसा स्पष्ट आहे. कारखाने अधिनियमाच्या कलम २८ नुसार प्रत्येक लिफ्टची सक्षम व्यक्तीकडून किमान सहा महिन्यांतून एकदा कसून तपासणी व्हायला हवी होती, ती किती वजन नेऊ शकते हे तिच्यावर ठळक लिहिलेले हवे होते, पिंजरा मजल्यावर आल्याशिवाय दार उघडू नये आणि दार बंद झाल्याशिवाय पिंजरा हलू नये अशी जोडणी हवी होती. माणसे नेणाऱ्या लिफ्टला दोन स्वतंत्र दोर किंवा साखळ्या हव्या होत्या आणि दोर तुटला तरी पिंजरा धरून ठेवणारे साधन हवे होते. आता औद्योगिक वसाहतींतल्या तीन-चार मजली गाळ्यांत जाऊन पाहावे. स्थानिक फॅब्रिकेटरने अँगल आणि चॅनल जोडून उभा केलेला पिंजरा, वर तो ओढणारा एक विजेचा होइस्ट, एकच वायर रोप, आणि प्रत्येक मजल्यावर सरकती जाळी, जिचा लिमिट स्विच (जाळी बंद आहे की नाही हे ओळखणारा) चुंबक चिकटवून किंवा सुतळीने ओढून कायम ‘बंद’ दाखवला जातो. दारावर ‘माणसांनी जाऊ नये’ अशी पाटी असते आणि तिच्याखालून माणसे मालासकट वर जातात, कारण तिसऱ्या मजल्यावर माल उतरवायचा कोणी, हा प्रश्न ती लिफ्ट बसवताना कोणी विचारलेलाच नसतो. मग कधी तरी जाळी उघडी राहते, लिफ्ट आली असे समजून कोणी पाठमोरा हातगाडी ओढत मागे सरकतो, किंवा लिफ्ट कुठे अडकली हे बघायला कोणी आत डोके घालतो. हे अपघात ‘पाय घसरून पडला’ या शब्दांत नोंदवले जातात.

शेवटची तक्रार अपघातानंतरच्या वागणुकीची आहे. माल मालकाचा, गोदाम दुसऱ्याचे, ते चालवणारी कंपनी तिसरी, यंत्र भाड्याने देणारा चौथा, ऑपरेटर पुरवणारा ठेकेदार पाचवा. प्रत्येकाकडे दुसऱ्याकडे बोट दाखवणारा करार असतो, आणि शेवटी बोट दाखवायला ज्याच्यापुढे कोणीच उरत नाही तो सीटवर बसलेला मुलगा आरोपी होतो. एका पाळीत किती ट्रेलर खाली व्हायला हवेत हे ज्याने ठरवले, त्याचे नाव कागदावर येत नाही. शिवाय दहा कामगारांची अट चुकवायची असेल, तर सहा माणसे एका ठेकेदाराच्या नावावर आणि पाच दुसऱ्याच्या, असे वाटून दाखवता येते. १९६९ च्या माथाडी कायद्याने डोक्यावर ओझे वाहणाऱ्याची नोंद करण्याचा मार्ग महाराष्ट्राने देशाला दाखवला. यंत्रावर ओझे वाहणाऱ्याची नोंद मात्र पन्नासहून अधिक वर्षांनंतरही व्हायचीच आहे.

माननीय मंत्रिमहोदय, माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

राज्याच्या नियमांत फोर्कलिफ्ट, रीच ट्रक (उंच रॅकसाठीची फोर्कलिफ्ट), सिझर लिफ्ट व बूम लिफ्ट (माणसांना उंचीवर नेणारी यंत्रे) आणि मालवाहू लिफ्ट यांचा नावाने उल्लेख करावा. माल उचलणाऱ्या यंत्रांची वर्षातून एकदा आणि माणसे उचलणाऱ्या यंत्रांची व लिफ्टची सहा महिन्यांतून एकदा, मालकाशी आर्थिक हितसंबंध नसलेल्या सक्षम व्यक्तीकडून तपासणी सक्तीची करावी, आणि तिचा दाखला यंत्रावरच, कोणालाही वाचता येईल असा, मराठीत आणि हिंदीत लावावा. माझ्यासारख्या तंत्रज्ञाचा सर्व्हिस रिपोर्ट हा या दाखल्याला पर्याय मानला जाऊ नये. मात्र त्यात लिहिलेला जीवघेणा दोष व्यवस्थापनाने विशिष्ट मुदतीत दूर केला पाहिजे आणि तोवर यंत्र बंद ठेवले पाहिजे, असे बंधन असावे.

प्रत्येक ऑपरेटरला प्रशिक्षण आणि परीक्षेनंतर त्याच्या स्वतःच्या नावाचे ओळखपत्र मिळावे, ते तीन वर्षांनी नव्याने तपासले जावे आणि ते नसलेल्या माणसाला यंत्रावर बसवणे हा मालकाचा गुन्हा मानला जावा. ‘शिकवले की दुसरीकडे जातात’ ही मालकांची तक्रार मी रोज ऐकतो. तिच्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच ओळखपत्र कंपनीचे न ठेवता कामगाराचे करावे, म्हणजे तो जाईल तिथे त्याचे शिक्षण त्याच्याबरोबर जाईल आणि येणारा माणूसही शिकूनच येईल. या प्रशिक्षणाची सोय औद्योगिक वसाहतींजवळच्या शासकीय आयटीआयमध्ये संध्याकाळच्या वेळी व्हावी, कारण दिवसाचा पगार बुडवून शिकायला येणे हेल्परला परवडत नाही.

संहितेच्या कलम २२ नुसार शासन कोणत्याही वर्गातील आस्थापनांना सुरक्षा समिती स्थापन करायला लावू शकते. सुरक्षा अधिकारी नेमण्याचे बंधन कारखान्यात ५०० कामगारांपासून सुरू होते, आणि बहुतेक गोदामे त्या आकड्याच्या जवळपासही जात नाहीत. म्हणून ज्या गोदामात एक जरी फोर्कलिफ्ट किंवा मालवाहू लिफ्ट वापरात आहे, तिथे ठेकेदारांच्या कामगारांसह समिती असावी, असा आदेश काढावा. कामगारांची संख्या मोजताना त्या छपराखाली काम करणारी सर्व माणसे एकत्र धरावीत. नियम मोडल्यामुळे मृत्यू झाला तर संहितेच्या कलम १०३ मध्ये दोन वर्षांपर्यंत कैद, किमान पाच लाख रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे आणि दंडाची निम्मी तरी रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. ही कलमे जागेवर खरे नियंत्रण असणाऱ्याला लावली जावीत, यासाठी अपघाताच्या पहिल्याच अहवालात त्या जागेचा नियंत्रक कोण, याचे नाव लिहिणे बंधनकारक करावे. गोदामातील अपघाताची तक्रार कोणत्या कार्यालयाने स्वीकारायची हे जिल्हावार जाहीर करावे, आणि कक्षेत येत नसेल तर तसे कारणासह लेखी द्यावे.

मालक आणि व्यवस्थापकहो, तुमच्याकडे मी जे मागतो आहे, त्यातल्या पुष्कळ गोष्टींना शासनाच्या आदेशाची गरज नाही आणि खर्चही नगण्य आहे. पाळी संपली की चावी काढून सुपरवायझरकडे जमा व्हावी. जम्पर आजच काढावेत. सकाळी यंत्र चालू करण्यापूर्वी ब्रेक, हॉर्न, टायर, साखळी, फोर्क आणि तेलगळती पाहण्यासाठी ऑपरेटरला पाच मिनिटे द्यावीत, आणि त्याने ‘यंत्र ठीक नाही’ असे लिहिले तर त्या दिवसाचा त्याचा पगार कापू नये. माणसाला उंचीवर न्यायचे असेल, तर सिझर लिफ्ट भाड्याने आणावी. ते अगदीच शक्य नसेल तर यंत्राच्या उत्पादकाने मान्य केलेला, फोर्कला पक्का अडकवलेला कठड्याचा पिंजरा वापरावा, आणि नुसत्या पॅलेटवर माणूस चढवणाऱ्या सुपरवायझरला त्याच दिवशी जाब विचारावा. लिफ्टच्या लिमिट स्विचवरचे चुंबक काढले की लिफ्ट चालत नसेल, तर ती दुरुस्त होईपर्यंत बंद राहू द्यावी. भाड्याचे यंत्र आत घेताना भाडे विचारता त्याबरोबर तपासणीचा दाखला आणि ऑपरेटरचे प्रशिक्षण यांचा कागदही मागावा. तो नसेल तर यंत्र फाटकातूनच परत पाठवावे. एका वसाहतीतल्या पाच गोदामांनी हे केले, तरी भाड्याने देणारे सगळे कागद तयार ठेवू लागतील, इतका हा बाजार छोटा आहे.

यासंबंधीच्या नियमांचा मसुदा शासनाने मराठीत प्रसिद्ध करावा, हरकती व सूचनांसाठी पुरेसा अवधी द्यावा, आणि त्यावरील सुनावणी मंत्रालयाबरोबरच भिवंडी, चाकण, वाळूज आणि बुटीबोरी येथेही, कामगारांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी घ्यावी. ऑपरेटर, हेल्पर, माथाडी आणि तंत्रज्ञ यांचे प्रत्येकी किमान दोन प्रतिनिधी मसुदा समितीवर असावेत. माझ्याकडचे सर्व्हिस रिपोर्ट, त्यांतील शेऱ्यांसह, आणि बाद झालेल्या फोर्कचे व साखळ्यांचे नमुने समितीपुढे ठेवायला मी तयार आहे.

आपला विश्वासू,
फोर्कलिफ्ट दुरुस्ती करणारा एक तंत्रज्ञ,
भिवंडी, जिल्हा ठाणे